सुट्टी नक्की कुणाची?

दहावीचे पेपर संपतात न संपतात तोच आमच्याकडे भिशीत, मंडळाच्या बैठकीत, अगदी गिरणीच्या रांगेतसुद्धा एकच प्रश्न फिरायला लागतो, "मग, यंदा कुठं?" पूर्वी या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असायचं. मामाच्या गावाला. आता उत्तरं बदलली. कुणी केरळ म्हणतं, कुणी काश्मीर, एखादी हळूच दुबई म्हणते आणि बाकीच्या गप्प होतात. त्या गप्प बसलेल्यांपैकी दोघी-तिघी तरी रात्री नवऱ्याला विचारतातच, "आपण कधी जायचं?" आणि तिथून सुट्टीचे बेत सुरू होतात. म्हणजे सुरुवातच मुळी दुसऱ्याच्या उत्तरापासून होते.

माझीही तशीच झाली होती, म्हणून हक्कानं सांगते.

२०११ साली आम्ही मनालीला गेलो. शेजारचे जाऊन आले होते. त्यांच्या अल्बममधला बर्फ बघून मुलांनी हट्ट धरला आणि खरं सांगायचं तर मलाही हौस होतीच. आम्ही दोघं, नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं, सासूबाई आणि सासरे. बार्शीहून कुर्डुवाडी, तिथून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढं रात्रभर घाटातली बस. दहा दिवसांत सात गावं. रोज सकाळी सहाला बॅगा भरायच्या, रोज रात्री नव्या खोलीत त्या उघडायच्या. धाकट्याला बस लागली, थोरल्याला ताप आला. सासूबाई तेव्हा अडुसष्टच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, गुडघे दुखणारे. रोहतांग खिंड तेरा हजार फुटांच्या आसपास उंच. तिथं त्यांना धाप लागली. बाकी सगळे बर्फात खेळत होते आणि त्या गाडीत पाय जवळ घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी, मांडीवर सगळ्यांच्या पर्स, स्वेटर आणि ओले मोजे.

घरी आल्यावर फोटो धुऊन आणले. ऐंशी-पंचाऐंशी फोटोंत मी तीन ठिकाणी दिसले, त्यातल्या एकात पाठमोरी. धुण्याचा ढीग उपसताना मी ह्यांना म्हटलं, "आता मला सुट्टी हवी." ते हसले. मी मात्र विनोद केला नव्हता.

या सहलीसाठी पतपेढीतून कर्ज काढलं होतं. ते फिटायला दीड वर्ष लागलं. आणि सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच होती. परतीच्या गाडीत सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, राग मानू नका, पण मला हे एवढं लांब कुठं यायचं होतं? मला वाडीला चार दिवस राहायचं होतं." वाडी म्हणजे नरसोबाची वाडी. आमच्या गावाहून एका दिवसाची वाट. अकरा वर्षं मी त्या घरात नांदत होते आणि त्यांना कुठं जावंसं वाटतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

आधी माणसं, मग ठिकाण

आपण सुट्टी ठरवतो ती ठिकाणापासून. ठरवायला हवी माणसांपासून. कोण कोण येणार, त्यांना काय झेपतं, त्यांना कशाची भूक आहे? कुणाला नुसती झोप हवी असते. कुणाला देवदर्शन. मुलांना पाणी आणि मोकळं मैदान. कॉलेजातल्या मुलीला चार नव्या गोष्टी बघायच्या असतात. एकत्र कुटुंबातल्या नव्या जोडप्याला फक्त दोघांचे चार दिवस हवे असतात आणि ते बिचारं बोलूही शकत नाही. एका सहलीत हे सगळं बसत नाही. बसवायला गेलं की मनाली होते.

सुट्टीचेही प्रकार असतात. विश्रांतीची सुट्टी वेगळी, बघण्या-फिरण्याची वेगळी, यात्रा वेगळी, नातेवाइकांकडे जाणं वेगळं. नातेवाइकांकडे आठ दिवस राहणं ही सुट्टी आहे असं पुरुषांना वाटतं. आपल्याला ठाऊक असतं, तिथंही पोळ्या लाटायला आपण असतो, वर "असू दे हो ताई, मी करते" असं हसून म्हणावं लागतं. मामाच्या गावच्या आठवणी आपण सगळ्याच काढतो, आंबे, विहीर, गच्चीवरच्या गाद्या. त्या गाद्या घालायला, वीस माणसांचं रांधायला मामीच होती. कुरडया-पापडही त्याच महिन्यात व्हायचे. तिची सुट्टी कुठल्या महिन्यात होती हे आपण विचारलं का?

जुन्या बायकांना घराबाहेर पडायला एकच परवाना होता, देवाचा. तुळजापूर, पंढरपूर, काशी. त्यांनी तो पुरेपूर वापरला. पंडिता रमाबाईंनी लहानपणी आई-वडिलांबरोबर पायी सारा देश पालथा घातला आणि पुढं १८८९ मध्ये अमेरिकेचं प्रवासवृत्त मराठीत लिहिलं. अलीकडे मीना प्रभूंनी देशोदेशीच्या प्रवासाची पुस्तकं लिहिली. म्हणजे बाईनं फिरावं, बघावं, त्यावर बोलावं ही काही कालपरवाची टूम नाही. फक्त आपल्या घरात ती अजून पोचायची आहे.

म्हातारी माणसं, लहान मुलं

वडीलधारे बरोबर असतील तर एकच नियम पाळा. एक गाव, तीन रात्री. रोज मुक्काम बदलायचा नाही. खोली तळमजल्यावर आहे का, लिफ्ट आहे का, कमोड आहे का, हे फोनवर विचारताना लाजू नका. देवळाला पायऱ्या किती, गाडी कुठपर्यंत जाते, हे आधी विचारा. माथेरान सुंदर आहे, पण तिथं मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढं बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर जायचं. मुलांना त्यातच मजा वाटते, गुडघेदुखीवाल्या आजींना नाही. छोटी गाडी आहे, पण पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते, तेव्हा वरचा अमन लॉज ते माथेरान एवढाच टप्पा चालतो. असं प्रत्येक ठिकाणाचं काहीतरी असतं. ते आधी कळलं तर गैरसोय होत नाही, तिथं जाऊन कळलं तर भांडण होतं.

रेल्वेचं तिकीट काढताना पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना आणि ज्येष्ठांना, जागा शिल्लक असेल तर, खालचा बर्थ देण्याची सोय आहे. त्यासाठी वय बरोबर लिहा. आपण बायका तिथंही दोन-चार वर्षं खाऊन टाकतो! सगळ्या कुटुंबाचं एकच तिकीट असेल तर मात्र खालच्या बर्थची खात्री धरू नका. ज्येष्ठांना रेल्वेत मिळणारी भाड्याची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज पूर्ण भाडं धरूनच करा.

लहान मुलांना डोंगरावरून दिसणारे आठ पॉइंट दाखवण्यापेक्षा एक ओढा दाखवा. शहरातली मंडळी हल्ली कृषी पर्यटनाला जातात, बैलगाडीत बसायला, हुरडा खायला. आमच्या गटातल्या शेतकरी बायकांना हे सांगितलं तेव्हा त्या हसून लोटपोट झाल्या. "शेतात राहायला वर पैसे द्यायचे?" बरोबर आहे त्यांचं. जिचा सगळा दिवस शेतात जातो तिची सुट्टी शेतात कशी होईल? पण त्यातली एक जण हसता हसता थांबली आणि म्हणाली, "ताई, मग आपल्या शेतात शहरातले लोक राहायला आणता येतील का?" राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. तो विषय वेगळा, पण सुट्टीचा विचार करता करता कुणाला व्यवसाय सुचला तर वाईट काय?

"किचन आहे" या शब्दाला भुलू नका

हल्ली दोन-तीन कुटुंबं मिळून बंगला घेतात. स्वस्त पडतं, मोकळं वाटतं. जाहिरातीत लिहिलेलं असतं, "सुसज्ज किचन". नवरेमंडळी खूश, "जेवणाचा खर्च वाचला!" तो खर्च कुणी वाचवला? तुम्ही आणि तुमच्या दोन जावांनी. पुरुष पत्ते खेळतात, मुलं पाण्यात डुंबतात आणि आपण परक्या गॅसवर ओळखीचा रस्सा करतो. बंगला जरूर घ्या, पण स्वयंपाक करणारी स्थानिक बाई मिळेल का, हे आधी विचारा. कोकणात अशी घरगुती जेवणाची सोय बऱ्याच ठिकाणी होते. तिलाही चार पैसे मिळतात, आपल्यालाही तिच्या हातचं नवं काही खायला मिळतं. तेही जमत नसेल तर पाळ्या लावा, आणि पाळ्यांत पुरुषांचीही नावं घाला. चहा-पोहे कुणालाही येतात.

दुसरी गोष्ट जाण्याआधीची. चार दिवस घरापासून दूर राहायचं म्हणून आपण आधी आठ दिवस राबतो. लाडू, चिवडा, दशम्या, मागे राहणाऱ्यांसाठी भाज्या चिरून डब्यात, इस्त्रीचे कपडे, दुधाचा हिशेब. मग गाडीत बसल्या बसल्या आपलं डोकं दुखायला लागतं. मागे राहणारी माणसं उपाशी मरत नाहीत हो. गॅस कसा पेटवायचा आणि डाळीचा डबा कुठला, एवढं दाखवून ठेवा. आपल्यावाचून घर चार दिवस चालतं, हे घराला कळणं चांगलं आणि आपल्याला कळणं त्याहून चांगलं.

कधी जायचं?

ठिकाण बरोबर आणि महिना चुकीचा, असंही होतं. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर फुलं असतात ती साधारण ऑगस्ट अखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यात तिथं कोरडा कातळ दिसतो. ताडोबाच्या जंगलाचा मुख्य भाग पावसाळ्यात बंद असतो. कोकणात मे महिन्यात आंबा असतो तसा घामही असतो. हिवाळ्यात तिथली हवा फार सुखाची. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. हे माहीत नसल्यानं आमच्या ओळखीतलं एक कुटुंब सोमवारी अजिंठ्याच्या दारातून परतलं होतं.

दिवाळीचा आणि नाताळचा आठवडा शक्यतो टाळा. त्याच खोलीला जास्त पैसे मोजायचे आणि वर गर्दीत उभं राहायचं. मुलांच्या शाळेमुळे पर्याय नसेल तर सुट्टीचा पहिला आठवडा सोडून पुढचा धरा. रेल्वेचं आरक्षण पूर्वी चार महिने आधी मिळायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी खुलं होतं. म्हणजे मेच्या प्रवासाचा बेत मार्चमध्ये पक्का व्हायला हवा. वेटिंगच्या तिकिटावर "बघू, टीसीला सांगू" असं म्हणून निघू नका. आरक्षित डब्यात त्या तिकिटावर बसता येत नाही.

आणि आपली एसटी विसरू नका. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे. त्याआधी २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. सवलत राज्याच्या हद्दीपुरती असते एवढं लक्षात ठेवा. 'आवडेल तेथे प्रवास' या योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. तोही लांबच्या फेरीसाठी हिशेब करून बघावा. आपल्या डेपोत जाऊन विचारा, खिडकीवरचा माणूस सांगतो.

पैसा आणि फसवणूक

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण मुलांना शिकवतो आणि सहलीच्या वेळी स्वतः विसरतो. सुट्टीसाठी कर्ज काढू नका, हे मी दीड वर्ष हप्ते भरून शिकले. समजा, चार माणसांच्या चार दिवसांना चोवीस हजार रुपये लागणार आहेत. वर्षभर महिन्याला दोन हजार बाजूला पडले तर सहल कर्जाशिवाय होते. एक हजारच पडत असतील तर दोन वर्षांनी जा, किंवा चारऐवजी दोन दिवस जवळ जा. प्रवास आणि खोली एवढाच खर्च धरू नका. रिक्षा, घोडा, प्रवेशफी, बाटलीबंद पाणी, औषधं आणि "सगळ्यांसाठी काहीतरी" घेतलेली खरेदी, यातच पाकीट रिकामं होतं. काढलेल्या अंदाजाच्या वर थोडे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा आणि ते पाकीट तुमच्याकडे असू द्या.

आता एक सावधगिरीची गोष्ट. आमच्या परिचयातल्या एका शिक्षक जोडप्याला फोन आला, "तुमचा नंबर निवडला गेला आहे, जोडीनं या, भेटवस्तू घेऊन जा." जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या हॉटेलात कार्यक्रम होता. चहा-नाश्ता, गोड बोलणं, पडद्यावर समुद्र आणि डोंगर. दोन तास बसवून ठेवलं. "आजच सही केली तरच हा दर." त्यांनी वीस वर्षांच्या सुट्ट्यांचं सभासदत्व घेतलं, लाखाच्या वर पैसे कार्डावरून भरले. पुढं जेव्हा जेव्हा तारीख मागितली तेव्हा तेव्हा खोली भरलेली, वर दरवर्षीची देखभाल फी. तीन वर्षांत एकही सुट्टी मिळाली नाही. ती बाई मला म्हणाली, "पैसे गेले त्यापेक्षा लाज वाटते म्हणून कुणाला सांगितलं नाही." लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी. जिथं "आजच सही करा" म्हणतात तिथून उठून यावं. चांगला सौदा उद्याही चांगलाच असतो.

मोबाइलवर दिसणाऱ्या हॉटेलांचंही तसंच. सुंदर फोटो, भलताच कमी दर आणि "आधी पैसे पाठवा". चारधामच्या हेलिकॉप्टरच्या नावानं खोट्या वेबसाइट काढून लोकांना फसवल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पैसे पाठवण्याआधी हॉटेलचा नंबर दुसऱ्या ठिकाणाहून शोधून फोन करा, त्या गावात कुणी ओळखीचं असेल तर चौकशी करा, पावती मागा. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा, जितका उशीर तितकी पैसे थांबण्याची आशा कमी. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५. प्रवासात बाईमाणसाला अडचण आली तर ११२, रेल्वेत १३९. हे चार आकडे पर्समध्ये कागदावर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते.

सहल कंपनीबरोबर जाणार असाल तर पत्रकातलं बारीक अक्षर वाचा. कुठली जेवणं धरली आहेत, रद्द केलं तर किती परत मिळतं, एका दिवसात किती तास गाडीत बसायचं? 'सात दिवसांत नऊ ठिकाणं' वाचून खूश होऊ नका. नऊ ठिकाणं म्हणजे नऊ वेळा गाडीत चढणं.

जे कुणी लिहीत नाही

सहलीच्या पानांवर दोन गोष्टी कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. पहिली पाण्याची. वाटेत धड स्वच्छतागृह नसतं म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ, ताप, आणि अर्धी सहल अंथरुणात. पाणी प्या. दर दोन तासांनी गाडी थांबवायची हे ड्रायव्हरला निघतानाच सांगा, मध्येच सांगायला संकोच वाटतो. चांगले पेट्रोल पंप, एसटीचे मोठे स्टँड, स्वच्छ खानावळ, थांबे असे निवडा.

दुसरी पाळीची. यात्रेची तारीख आली की औषधाच्या दुकानातून पाळी पुढं ढकलण्याच्या गोळ्या आणून घेणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. मैत्रीण घेते म्हणून आपणही घ्यायच्या, असं करू नका. ज्यांना रक्तदाब, अर्धशिशी, रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास किंवा यकृताचं दुखणं आहे त्यांना त्या अपायकारक ठरू शकतात. घ्यायच्याच असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. त्याहून सोपं म्हणजे तारीख ठरवताना आपलंही कॅलेंडर बघा. मुलांच्या परीक्षा बघतो, नवऱ्याची रजा बघतो, मग हे का नको?

एवढं पाणी!

आता आमच्या बचत गटाची गोष्ट सांगते. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही बावीस जणी कोल्हापूर आणि गणपतीपुळ्याला गेलो. निम्म्या तिकिटामुळे धाडस झालं. पैसे आम्ही वर्षभर गटाच्या पेटीत वेगळे टाकले होते. पैसा जमला, पण परवानगी जमेना. "घरी कोण बघणार?", "बायका-बायकाच?", "देवदर्शनाला तर जा, पण समुद्रावर कशाला?" एका घरी तर मी स्वतः जाऊन बसले, सासरेबुवांना सांगितलं, "मामंजी, चार दिवसांनी तुमची सून जशी नेली तशी आणून सोडते." गणपतीचं नाव होतं म्हणून बऱ्याच दारांच्या कड्या निघाल्या. जुन्या बायकांचा परवाना आम्हालाही उपयोगी पडला.

पहिल्या दिवशी अंबाबाईचं दर्शन झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी गणपतीपुळे. डोंगराला प्रदक्षिणा घालून आम्ही किनाऱ्यावर आलो. गटात एक काकू आहेत, अठ्ठावन्न वर्षांच्या, कोरडवाहू शेती, उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत जन्म गेलेला. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं पाणी! आन् आपल्याकडं हंड्यासाठी भांडणं." पुढं गेल्या, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून हसायला लागल्या. "खारं हाय व्हय! मग ऱ्हाऊ दे." तिथला समुद्र धोक्याचा आहे, पोहायला उतरू नये अशा सूचना आहेत. आम्ही पावलं भिजतील एवढ्याच पाण्यात हात धरून उभ्या राहिलो. दुसऱ्या दिवशी जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघितलं. मी बी. ए. ला मराठी घेतलं होतं, तेव्हापासूनची माझी इच्छा होती ती.

पण त्या सहलीतली माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट समुद्राची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच काकू साडेआठपर्यंत झोपल्या. आम्ही कुणी उठवलं नाही. दचकून उठल्या, पदर सावरत म्हणाल्या, "अगं बया, दूध काढायचं ऱ्हायलं!" मग आपण कुठं आहोत हे त्यांना आठवलं. त्या पुन्हा आडव्या झाल्या आणि छताकडे बघत हळूच म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं असं कधी निजले न्हवते." खोलीतल्या आम्ही चौघी गप्प. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं हे लिहीत नाही.

त्यांच्या सुट्टीचा खर्च माणशी साडेतीन हजाराच्या आत झाला. मनालीच्या खर्चाशी त्याची तुलना मी मनात कितीदा केली असेल!

एक कागद घ्या

सासूबाईंची वाडी राहिली नाही, हे सांगायला हवं. २०१३ च्या हिवाळ्यात आम्ही नेलं त्यांना. बार्शीहून मिरज, पुढं एसटी. तळमजल्याची खोली, तीन रात्री. सकाळी त्या घाटाच्या पायरीवर नदीकडे बघत बसायच्या, संध्याकाळी पालखीला उभ्या राहायच्या. कवठाची बर्फी खाल्ली, आम्ही खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघून आलो तेव्हा त्या आल्या नाहीत, "तुम्ही या, मी इथंच बरी" म्हणाल्या. मुलं नावेत बसली. मी दुपारी चक्क पुस्तक वाचलं. त्या २०१६ मध्ये गेल्या. शेवटच्या आजारात मनालीचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही, वाडीचं मात्र रोज काढायच्या. विचारायला दोन वर्षं उशीर झाला असता तर काय, हा विचार अजून मनात येतो.

म्हणून एवढंच सांगते. या रविवारी जेवणं झाली की एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुला सुट्टीत काय करायचंय?" कुठं जायचंय असं नका विचारू, काय करायचंय असं विचारा. आजींना विचारा, मुलांना विचारा, सुनेला वेगळं घेऊन विचारा. सगळ्यांची उत्तरं लिहून घ्या आणि मग ठिकाण शोधा. सगळ्यांची एका सहलीत जुळणार नाहीत. यंदा दोघांची, पुढच्या वर्षी दोघांची, असं करा.

आणि त्या कागदावर स्वतःचं नाव लिहायला विसरू नका. बहुतेक घरांत ती ओळ कोरी राहते. तुम्हाला नुसतं साडेआठपर्यंत झोपायचं असेल, तर तेच लिहा. मोठ्या अक्षरात.